टेलिफोनचे सूत्रधार : थिओडोर न्यूटन व्हेल

टेलिफोनचें यंत्र कोणीं शोधून काढिलें, असें विचारल्यास आमच्या शाळेंतील लहानांतला लहान विद्यार्थीहि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें नांव तत्काळ सांगेल. परंतु यंत्र शोधून काढणें ही एक गोष्ट, आणि त्या यंत्राच्या योगें सबंध देशांतील लोकांस एकमेकांशीं बोलतां यावें अशी व्यवस्था लावणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. विहीर खणणारा एक असतो. तिचें पाणी पाटानें शेतोशेतीं नेणारा दुसराच असतो. आणि पाट आला म्हणजे पाण्याच्या पाळीवरून तंटे येतात, व ते तोडण्यास चार पंच बसवावे लागतात. टेलिफोनच्या इतिहासांत हा पाट ज्यांनीं बांधिला, आणि ज्यांच्या हयातींतच पाण्याच्या पाळीचा तंटाहि उभा राहिला, त्या थिओडोर न्यूटन व्हेल या अमेरिकन गृहस्थांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें चरित्र निवडण्याचें कारण असें. आज एकाच घरांत वडिलांचा फोन एका कंपनीचा व आईचा दुसऱ्या कंपनीचा असतो. तरी दोघांस परस्परांशीं बोलतां येतें, आणि यांत कांहीं नवल आहे असें कोणासहि वाटत नाहीं. परंतु एक काळ असा होता कीं, एका कंपनीचा टेलिफोन घेणारास त्याच गांवांतील दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाशीं एक शब्दहि बोलतां येत नसे. ही अडचण कशी दूर व्हावी? सर्व तारा एकाच धन्याच्या हातीं द्याव्या काय? आणि दिल्या तर त्या धन्यास लगाम कोणीं घालावा? या प्रश्नांशीं व्हेल यांचें सबंध आयुष्य गुंतलेलें आहे.

व्हेल यांचा जन्म १६ जुलै १८४५ रोजीं अमेरिकेच्या ओहायओ संस्थानांतील कॅरोल परगण्यांत झाला. ते अगदीं लहान असतांनाच त्यांचे आईबाप न्यू जर्सी संस्थानांत मॉरिसटाउन येथें येऊन राहिले. या गांवाजवळ व्हेल घराण्यांतील एका नातलगाचा स्पीडवेल नांवाचा लोखंडाचा कारखाना होता. याच कारखान्यांत जानेवारी १८३८ मध्यें सॅम्युअल मोर्स व त्यांचे साहाय्यक आल्फ्रेड व्हेल यांनीं आपलें तारायंत्र लोकांस चालवून दाखविलें होतें. आल्फ्रेड हे थिओडोर यांच्याच कुळांतले. तेव्हां तारेची गोष्ट या मुलाच्या कानावर घरींच पडली असल्यास नवल नाहीं. मॉरिसटाउनच्या शाळेंत शिक्षण झाल्यावर त्यांनीं गांवांतील एका औषधांच्या दुकानांत नोकरी धरिली. योगायोग असा कीं, गांवचें तारऑफिसहि त्याच दुकानांत होतें. औषधांच्या पुड्या बांधतां बांधतां थिओडोर यांनीं तारा पाठविण्याची विद्या उचलिली. कांहीं दिवस त्यांनीं एका चुलत्यापाशीं वैद्यकाचाहि अभ्यास केला. परंतु तिकडे मन लागेना, म्हणून तो सोडून ते न्यूयॉर्क येथें वेस्टर्न युनियन या तारायंत्र कंपनींत गेले. ज्या कंपनीशीं पुढें त्यांस झुंजावयाचें होतें, तिच्याच ऑफिसांत त्यांनीं उमेदवारी केली.

१८६६ सालीं त्यांचें कुटुंब पश्चिमेकडे आयोवा संस्थानांत शेती करण्यास गेलें, व थिओडोर हेहि बरोबर गेले. पण नांगर धरण्यांत त्यांचें चित्त रमलें नाहीं. १८६८ सालीं त्यांनीं युनियन पॅसिफिक रेल्वेच्या पाइन ब्लफ्स या ओसाड ठाण्यावर तारमास्तरची जागा पत्करिली. हें ठाणें वायोमिंग प्रांतांत होतें. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम भागांस जोडणारा लोहमार्ग त्या वेळीं तयार होत होता. तो १० मे १८६९ रोजीं पुरा झाला. त्याच वर्षीं व्हेल यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षीं ओमाहा ते ऑग्डेन या सुमारें हजार मैलांच्या रस्त्यावर धांवत्या गाडींत टपाल निवडणाऱ्या कारकुनाची जागा त्यांस मिळाली.

ही जागा दिसण्यांत लहान होती. परंतु व्हेल यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचें बीज येथेंच रुजलें. हालत्या डब्यांत उभें राहून पत्रें निवडावीं, थैल्यांत भरावीं, व ज्या त्या स्टेशनावर टाकावीं, असें हें काम. त्या नव्या प्रदेशांत गांवें रोज नवीं वसत होतीं. कोणतें पत्र कोणत्या ठिकाणीं उतरविलें असतां पुढच्या गाडीस नेमकें मिळेल, याची नीट माहिती कोणापाशींच नसे. त्यामुळें पत्रें भलत्या वाटेनें जात व वाटेंतच पडून राहत. व्हेल यांनीं नकाशे व वेळापत्रकें पुढें घेतलीं, कोणती गाडी कोठून केव्हां सुटते याचा बारकाईनें तपास केला, आणि गांवोगांवच्या पत्रांस जवळची वाट कोणती याचे तक्ते तयार केले. असें करण्यास त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. पण तक्ते उपयोगी पडले, वरिष्ठांच्या नजरेस आले, आणि १८७३ सालीं त्यांस वॉशिंग्टन येथें बोलावणें झालें. तिशी गांठतां गांठतांच, म्हणजे १८७६ सालीं, ते साऱ्या देशाच्या रेल्वे टपालखात्याचे मुख्य अधिकारी झाले.

या नोकरींत त्यांस एक गोष्ट पक्की उमगली. पत्र लिहिणारा मनुष्य आपलें पत्र कोणत्या रेल्वे कंपनीच्या गाडीनें जाईल याची चौकशी करीत नाहीं. गाड्या दहा मालकांच्या असतील. परंतु टपाल मात्र सर्वत्र एक असतें, आणि एक असतें म्हणूनच तें उपयोगीं पडतें. हा धडा त्यांनीं पुढें टेलिफोनला लाविला.

या सुमारास रेल्वे टपालाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या एका कमिशनावर गार्डिनर हबर्ड नांवाचे वकील होते. हे ग्रॅहॅम बेल यांचे सासरे. बेल यांस टेलिफोनचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें होतें, व त्या पेटंटाच्या भांडवलावर हबर्ड प्रभृति मंडळींनीं एक लहानशी कंपनी काढिली होती. कंपनीपाशीं कल्पना होती, पेटंट होतें. पण पैसा नव्हता व व्यवस्था लावणारा मनुष्य नव्हता. हबर्ड यांनीं व्हेल यांची कर्तबगारी पाहिली, आणि १८७८ सालीं त्यांस जनरल मॅनेजर होण्याची विनंति केली. सरकारी मानाची जागा सोडून एका खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्राच्या नादीं लागणें हें त्या वेळीं अनेकांस वेडेपणाचें वाटलें. व्हेल यांनीं तें वेड पत्करिलें.

येतांच त्यांच्यापुढें मोठें संकट उभें राहिलें. तारायंत्राच्या धंद्यांत अमेरिकेंत सर्वांत बलाढ्य असलेली वेस्टर्न युनियन कंपनी टेलिफोनच्या धंद्यांत उतरली होती. एडिसन व एलिशा ग्रे यांनीं सुधारलेलीं यंत्रें तिच्या हातीं होतीं, आणि देशभर पसरलेल्या तारा व अमाप द्रव्य तिच्या पाठीशीं होतें. बेल कंपनीच्या कित्येक एजंटांचे हातपाय गळाले. व्हेल यांनीं त्यांस बेल यांच्या पेटंटाच्या नकला पाठवून धीर दिला, व मागें न हटण्याविषयीं बजाविलें. कंपनीनें १८७८ सालीं कोर्टांत दावा लाविला. वेस्टर्न युनियनच्या वकिलांसहि पुढें दिसून आलें कीं, पेटंटाच्या बाबतींत आपली बाजू लंगडी आहे. शेवटीं १० नोव्हेंबर १८७९ रोजीं तडजोड झाली. वेस्टर्न युनियननें टेलिफोनचा धंदा सोडावा, तिच्या ५५ शहरांतील सुमारें ५६ हजार टेलिफोन बेल कंपनीनें घ्यावे, आणि पेटंटाची मुदत असेपर्यंत १७ वर्षें टेलिफोनच्या भाड्यापैकीं शेंकडा २० वांटा वेस्टर्न युनियनला द्यावा, असें ठरलें. अशा रीतीनें दोन बलाढ्य कंपन्यांनीं शेत वांटून घेतलें. तार एकीची, टेलिफोन दुसरीचा. या वांटणींत गिऱ्हाइकास मात्र कोणीं विचारलें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां मैदान मोकळें झालें. व्हेल यांनीं गांवोगांवच्या कंपन्यांस परवाने देऊन त्यांतील भाग आपल्या कंपनीकडे घेतले, यंत्रें तयार करणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखाना ताब्यांत घेतला, व शहरांशहरांमध्यें तारा ओढण्याचा मोठा बेत आंखिला. त्यासाठीं ३ मार्च १८८५ रोजीं अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली, व तिचे पहिले अध्यक्ष व्हेल हे झाले. परंतु बोस्टन येथील चालकांशीं त्यांचा खटका उडाला. मिळालेला नफा नव्या तारा व नवीं एक्स्चेंजें यांत घालावा, सेवा सुधारावी, पुढच्या पिढीचा विचार करावा, असें व्हेल यांचें म्हणणें. पेटंटाची मुदत आहे तोंवर भागीदारांच्या पदरांत भरपूर नफा घालावा, असा चालकांचा कल. हा मतभेद मिटेना, तेव्हां १८८७ सालीं व्हेल यांनीं राजीनामा दिला.

पुढील वीस वर्षें ते या धंद्याबाहेर होते. व्हर्माँट संस्थानांतील लिंडन येथें त्यांनीं मोठी शेती केली, व तिला आपल्या बालपणींच्या गांवाची आठवण म्हणून स्पीडवेल हें नांव दिलें. कांहीं धंद्यांत त्यांनीं पैसाहि गमावला. पुढें दक्षिण अमेरिकेंत आर्जेंटिना देशांत जाऊन त्यांनीं कॉर्डोबा येथें पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करण्याचें व ब्वेनॉस आयरिस शहरांत विजेच्या ट्रामगाड्या चालविण्याचें काम अंगावर घेतलें, आणि त्यांत गेलेली संपत्ति परत मिळविली. परंतु १९०५ सालीं त्यांची पत्नी व १९०६ सालीं त्यांचा एकुलता एक पुत्र निवर्तल्यामुळें संपत्ति हातीं असूनहि घर सुनें झालें.

इकडे टेलिफोनच्या धंद्यांत मोठी उलथापालथ झाली होती. बेल यांच्या दोन मुख्य पेटंटांची मुदत १८९३ व १८९४ सालीं संपली, आणि बांध फुटावा त्याप्रमाणें हजारों लहान कंपन्या निघाल्या. या चढाओढीनें काय झालें तें निःपक्षपातानें पाहिलें पाहिजे. मक्तेदारीच्या काळांत बेल कंपनीनें मोठीं शहरें व व्यापारी गिऱ्हाइकें एवढ्यांकडेच लक्ष पुरविलें होतें. लहान गांवें व शेतकरी यांच्याकडे तिनें ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. तें काम या लहान कंपन्यांनीं केलें. कित्येक ठिकाणीं शेतकऱ्यांनीं वर्गणी करून, कुंपणाच्या तारांवरूनसुद्धां, आपले टेलिफोन चालविले. दर खालीं आले. माणसाच्या मदतीवांचून नंबर जोडून देणारें स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम १८९२ सालीं इंडियाना संस्थानांत ला पोर्ट येथें उघडलें, तें आल्मन स्ट्रोजर यांच्या युक्तीचें. बेल कंपनीचें नव्हे. हे स्ट्रोजर धंद्यानें प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारे होते. १८९३ च्या सुमारास सबंध देशांत तीन लाखांहूनहि कमी टेलिफोन होते. १९०७ सालीं ते साठ लाखांच्या घरांत गेले, व त्यांतील जवळजवळ निम्मे बेल कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांचे होते.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, एकाच गांवांत दोन कंपन्यांचे खांब, दोन कंपन्यांच्या तारा, आणि दोहोंमध्यें कसलाहि संबंध नाहीं. वाण्यास सर्व गिऱ्हाइकांकडून मागण्या हव्या असतील तर त्यानें दुकानांत दोन टेलिफोन ठेवावे व दोन बिलें भरावीं. डॉक्टरचा टेलिफोन एका कंपनीचा आणि रोग्याच्या घरचा दुसरीचा असला तर यंत्र असून नसल्यासारखें! शिवाय लांब पल्ल्याच्या तारा बहुतेक बेल कंपनीच्या, आणि ती आपल्या प्रतिस्पर्ध्यांस त्या जोडून देत नसे. टेलिफोनचा हा विशेष विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा. छत्री एकट्याजवळ असली तरी पावसांत उपयोगी पडते. टेलिफोन मात्र पलीकडे दुसरा असल्यावांचून निरर्थक, आणि त्याला जोडलेले लोक जितके अधिक तितकी त्याची किंमत अधिक. म्हणून या धंद्यांत मोठी कंपनी आपोआप आणखी मोठी होत जाते, व लहान कंपनीस जोडणी नाकारणें हेंच तिचें सर्वांत तीक्ष्ण शस्त्र ठरतें.

अशा स्थितींत कंपनी कर्जांत रुतली, तिची लोकांतील पत गेली, व तिचीं सूत्रें न्यूयॉर्कच्या मोर्गन प्रभृति पेढीवाल्यांच्या हातीं आलीं. त्यांनीं १९०७ सालीं व्हेल यांस पुन्हां अध्यक्षपदावर बोलाविलें. त्या वेळीं त्यांस बासष्टावें वर्ष चालू होतें. त्यांनीं विखुरलेली व्यवस्था एका सूत्रांत आणिली, निरनिराळ्या ठिकाणचे इंजिनिअर एकत्र केले, जॉन कार्टी या कुशल गृहस्थास त्यांचा प्रमुख नेमिलें, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींकडे लक्ष पुरविण्याविषयीं सक्त ताकीद दिली. १९०८ पासून एक व्यवस्था, एक धोरण व सार्वत्रिक सेवा हें त्रिसूत्र कंपनीच्या जाहिरातींतून गाजूं लागलें. सार्वत्रिक सेवा म्हणजे प्रत्येक झोंपडींत स्वस्त टेलिफोन असा आज आपण अर्थ करूं. व्हेल यांच्या मनांतील मुख्य अर्थ एवढाच होता कीं, ज्याच्या घरीं टेलिफोन आहे त्यास इतर कोणाच्याहि टेलिफोनशीं बोलतां यावें, आणि त्यासाठीं सर्व तारा एका व्यवस्थेंत असाव्या.

येथपर्यंत व्हेल हे इतर मक्तेदारांसारखेच दिसतील. परंतु त्यांचें वेगळेपण पुढेंच आहे. त्या काळचे रेल्वेचे, तेलाचे व पोलादाचे धनी सरकारी नियंत्रणाचें नांव काढतांच संतापत असत. व्हेल यांनीं मात्र कंपनीच्या वार्षिक अहवालांतून उघडपणें असें प्रतिपादन केलें कीं, ज्या धंद्यांत चढाओढ इष्ट नाहीं त्या धंद्यावर लोकांच्या वतीनें देखरेख असणें योग्य आहे. मात्र ती देखरेख करणारे स्वतंत्र बाण्याचे, जाणते व न्यायी असावे, आणि त्यांनीं कंपनीस वाजवी नफा राहूं द्यावा. विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क या संस्थानांनीं १९०७ सालींच अशीं कमिशनें नेमण्यास आरंभ केला होता, आणि १९१० सालीं मध्यवर्ती कायद्यानें संस्थानांच्या सीमा ओलांडणारी टेलिफोन व तार यांची वाहतूकहि आंतरराज्य व्यापार कमिशनाच्या हुकमतीखालीं आली.

व्हेल यांनीं हें निव्वळ परोपकारबुद्धीनें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. लगाम पत्करल्यानें दोन भयें टळत होतीं. एक प्रतिस्पर्ध्यांचें, आणि दुसरें सरकारनें धंदाच ताब्यांत घेण्याचें. इंग्लंडांत १९१२ सालीं टपालखात्यानें टेलिफोनचा बहुतेक सर्व धंदा आपल्याकडे घेतला, हें उदाहरण समोर होतें. तथापि स्वार्थ व लोकहित हीं जेथें एका दिशेनें वाहतात ती वाट आधीं ओळखणें, यालाच दूरदृष्टि म्हणतात.

पण बोलणें व वागणें यांत अंतर पडूं लागलें. कंपनीनें प्रतिस्पर्धी कंपन्या एकामागून एक विकत घेण्याचा सपाटा चालविला. १९०९ सालीं तर तिनें वेस्टर्न युनियनचेच भाग घेऊन त्या जुन्या शत्रूवर ताबा मिळविला, व पुढील सालीं व्हेल त्या कंपनीचेहि अध्यक्ष झाले. एके काळीं जेथें ते सामान्य नोकर होते तेथें ते आतां धनी झाले. त्यांनीं तेथें चांगल्याहि सुधारणा केल्या; घरच्या टेलिफोनवरून तारेचा मजकूर सांगण्याची सोय केली, आणि रात्रीं तारा रिकाम्या असतात तेव्हां लांब मजकूर थोडक्या दरांत पाठविण्याची पद्धत पाडली. परंतु तार व टेलिफोन एकाच मुठींत गेलेले पाहून लोकांत धास्ती उत्पन्न झाली. लहान कंपन्यांनीं सरकारकडे गाऱ्हाणीं नेलीं. जुलै १९१३ मध्यें ऑरेगन संस्थानांत सरकारनें मक्तेदारीविरुद्धच्या १८९० च्या शेर्मन कायद्याखालीं कंपनीवर खटला भरला.

आतां व्हेल यांच्यापुढें खरी कसोटी आली. कोर्टांत वर्षानुवर्षें झगडत राहण्याइतका पैसा कंपनीपाशीं होता. ती वाट त्यांनीं धरिली नाहीं. १९ डिसेंबर १९१३ रोजीं कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांच्या सहीचें एक पत्र सरकारचे मुख्य वकील जेम्स मॅकरेनॉल्ड्स यांस सादर झालें. त्यांत तीन वचनें होतीं. वेस्टर्न युनियनचे सुमारें तीन कोटि डॉलरांचे भाग कंपनीनें विकून टाकावे. प्रतिस्पर्धी कंपनी सरकारच्या संमतीवांचून विकत घेऊं नये. आणि इतर कंपन्यांच्या गिऱ्हाइकांस ठराविक अटींवर आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरूं द्याव्या. ज्या सूत्रासाठीं व्हेल आयुष्यभर झटले, त्याचा एक मोठा भाग त्यांनीं अशा रीतीनें स्वतःच्या हातानें सोडून दिला.

या तडजोडीचे दोष सांगितल्यावांचून तिची स्तुति करणें बरोबर होणार नाहीं. जोडणी मिळाली ती लांबच्या बोलण्यापुरती. एकाच गांवांतील दोन कंपन्यांचीं गिऱ्हाइकें परस्परांशीं बोलूं शकत नव्हतीं तीं नव्हतींच. पुढें दोन्ही पक्षांनीं गांवांची अदलाबदल करून जेथें तेथें एकच कंपनी उरेल असें केलें, आणि १९२१ च्या कायद्यानें तर कमिशनाच्या संमतीनें अशा कंपन्या एक होण्यास मोकळीक मिळाली. म्हणजे चढाओढ हळूहळू मावळली, व मक्तेदारी कमिशनांच्या देखरेखीखालीं पुन्हां स्थिर झाली. तरी एक तत्त्व कायमचें रुजलें. ज्याच्या हातीं सर्वांच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे, त्यास तो दुसऱ्यांसाठीं बंद करण्याचा अधिकार नाहीं.

व्हेल यांच्या कारकीर्दीचा कळस २५ जानेवारी १९१५ रोजीं झाला. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारें ३,४०० मैलांची टेलिफोनची तार पुरी झाली होती. तिचा अखेरचा खांब जून १९१४ मध्यें यूटा व नेव्हाडा यांच्या सीमेवर वेंडोव्हर येथें उभारला गेला होता. इतक्या लांब जातां जातां आवाज क्षीण होऊन नाहींसा होई. म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं निर्वात नळ्यांची यंत्रें बसवून त्याचा जोर पुन्हां वाढविण्यांत येई. उद्घाटनाच्या दिवशीं बेल न्यूयॉर्क येथें, त्यांचे जुने साहाय्यक वॉटसन सॅन फ्रान्सिस्को येथें, अध्यक्ष विल्सन वॉशिंग्टन येथें, आणि व्हेल जॉर्जिया संस्थानांतील जेकिल बेटावर असे चौघे चार ठिकाणांहून एकमेकांशीं बोलले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या तारमास्तरानें वायोमिंगच्या माळावर बसून ठिपके व रेघा मोजल्या होत्या, त्यास त्या दिवशीं साऱ्या खंडाच्या पलीकडून मनुष्याचा आवाज ऐकूं आला. मात्र पहिल्या तीन मिनिटांस २० डॉलर ७० सेंट पडत. ही सेवा सार्वत्रिक म्हणविली तरी सर्वांच्या ऐपतींतली नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, १ ऑगस्ट १९१८ पासून एक वर्ष, सरकारनें टेलिफोन आपल्या ताब्यांत घेतले. या काळांत दर कमी न होतां उलट वाढले, व जुलै १९१९ च्या अखेरीस ते कंपनीस परत मिळाले. धनी सरकार झालें म्हणजे गिऱ्हाइकाचें सर्व दुःख हरतें असें नाहीं, हा धडा अमेरिकेस या अनुभवानें मिळाला. त्याच वर्षीं व्हेल यांनीं अध्यक्षपद सोडिलें, आणि १६ एप्रिल १९२० रोजीं बाल्टिमोर येथें वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. लिंडन येथील विद्यालयास त्यांनीं सढळ हातानें साहाय्य केलें होतें, व शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं तेथें शेतकीची शाळा काढिली होती, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष आवडेल.

त्यांच्या मागें त्यांच्या प्रश्नाचें काय झालें तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९३४ सालीं अमेरिकेनें तार, टेलिफोन व रेडिओ यांसाठीं स्वतंत्र कमिशन नेमिलें. व्हेल यांनीं बांधिलेली कंपनी जगांतील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकीं एक झाली. तिनें उत्तम सेवा दिली, परंतु गिऱ्हाइकानें दुसऱ्या कोणाचें साधें उपकरणहि आपल्या टेलिफोनास लावूं नये इतका तिचा ताठा वाढला. १९७४ सालीं सरकारनें पुन्हां खटला भरला, आणि १ जानेवारी १९८४ रोजीं गांवोगांवचा टेलिफोन तिच्यापासून तोडून सात निराळ्या कंपन्यांकडे देण्यांत आला. एक व्यवस्था हें सूत्र तुटलें. पण तारा तुटल्या नाहींत. अनेक धनी असूनहि जोडणी एक ठेवतां येते, जर ती कायद्यानें बंधनकारक केली तर, हें अनुभवास आलें.

आपल्याकडेहि हाच प्रवास निराळ्या वाटेनें झाला. मुंबईंत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीं निघालें, तें सरकारी परवान्यानें चालणाऱ्या खासगी कंपनीचें. १९४३ सालीं तें सरकारनें घेतलें, आणि पुढें कित्येक वर्षें टेलिफोनसाठीं नांव नोंदवून वाट पाहत बसणें लोकांच्या नशिबीं आलें. खासगी कंपन्यांस पुन्हां वाव दिल्यावर १९९७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें. एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या फोनशीं जोडणी मिळालीच पाहिजे, यावर नजर ठेवणें हें त्याचें एक मुख्य काम. आणि २०११ पासून आपला नंबर न बदलतां कंपनी बदलण्याची मुभाहि देशभर मिळाली. तेव्हां वडिलांच्या फोनवरून आईच्या फोनशीं बोलतां येतें, तें कंपन्यांच्या औदार्यामुळें नव्हे. त्यामागें शंभर वर्षांचे तंटे, खटले व कायदे आहेत.

व्हेल यांचें मोठेपण आम्ही कशांत मानावें? तारेंत व खांबांत तर तें आहेच. परंतु बलवानानेंहि लोकांस जबाब दिला पाहिजे हें त्यांनीं बलवान असतांना मान्य केलें, यांत तें अधिक आहे. आणि त्यांच्याच चरित्रावरून हेंहि दिसतें कीं, अशा मान्यतेवर लोकांनीं विसंबून राहूं नये. अहवालांत लिहिलेला लगाम १९१३ सालीं कायद्याच्या हातीं गेला, तेव्हांच तो घोड्यास जाणवला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें मोठे व्यवस्थापक होतील, कोणी त्यांच्यावर देखरेख करणारे अधिकारी होतील, आणि बहुतेक सर्वजण साधे गिऱ्हाईक राहतील. तिघांसहि हें चरित्र उपयोगीं पडेल, म्हणूनच आम्हीं तें येथें सांगितलें.